शेवटची दोन बोटं

सकाळी ७:००

जानेवारीच्या सकाळी बुलढाण्यात शटरचं लोखंड हाताला चावतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे गाव. ऊन आलं तरी दहापर्यंत अंगात भिनत नाही. चिखली रस्त्यावरचं गॅरेज उघडलं की मी आधी झाडून घेतो, मग पाने बघतो. आठ नंबरपासून बावीसपर्यंतचे रिंग पाने भिंतीवर एकाखाली एक, प्रत्येकाचा खिळा ठरलेला. पाना जागेवर नसला की काम करणाऱ्याचं चित्तही जागेवर राहत नाही, असं माझे उस्ताद म्हणायचे. ते गेले, पण ही सवय मागे राहिली.

मी इंजिनाला हात लावत नाही. स्प्रिंग, शॉकअप, बुश, पाटे, म्हणजे गाडीचं वजन जे जे पेलतं तेवढंच माझं काम. या जिल्ह्यात तेवढ्यावर पोट भरतं, कारण इथली जमीनच तशी आहे. आमच्याकडे गाव विचारलं की माणूस आधी घाटावरचं की घाटाखालचं ते सांगतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. दोन्हीकडे काळी माती आहेच, पण खालची अधिक खोल. बेसॉल्टचा दगड झिजून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की भेगेत हात जावा. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ताही तिच्यासोबत वर-खाली होतो. काही वर्षांत त्याला लाटा पडतात.

खड्डा दिसतो, माणूस ब्रेक मारतो. लाट दिसत नाही. साठच्या वेगात गाडी लाटेवरून उतरते, मागचा भाग खाली बसतो, स्प्रिंग दबते, शॉकअप दबतो. ते दोघंही संपले की शेवटी उरतं दोन बोटं रबर. आजचा माझा दिवस त्या दोन बोटांवरच गेला.

सकाळी ८:१५

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. रस्त्यावरून गॅरेजच्या उतारावर येताना मागून 'ठक्' झालं. घणानं ऐरणीवर मारावं तसा कोरडा आवाज. शॉकअपचं तेल गळून गेलेली गाडी असा आवाज करत नाही, ती उतरल्यावर दोन-तीनदा हेलकावते. इथे एकच ठोका पडला आणि संपला. लोखंडावर लोखंड.

जुनी हॅचबॅक, एमएच-२८, रंग मात्र आरशासारखा. पंचविशीचा मुलगा उतरला. गाडी त्यानं खाली बसवलेली होती. मागच्या चाकावरची कमान टायरला टेकायला आली होती.

"मिस्त्रीकाका, मांगून लय आवाज येऊन राह्यला. शॉकअप गेले वाट्टे."

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. एकटा असलो का कमी येते. मागं कोणी बसलं का लय येते. उद्या आईले, मावशीले, मामा-मामीले घेऊन सिंदखेड राजाले जायचं हाये."

आज ११ जानेवारी. उद्या जिजाऊंची जयंती. १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात त्या जन्मल्या. त्या दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या रस्त्यांची तोंडं तिकडे वळतात. चिखली, देऊळगाव मही, देऊळगाव राजा करत ही गाडी जाणार होती, पाच माणसं आणि डबे घेऊन. संध्याकाळी सातच्या आत हवी, असं तो म्हणाला.

मी मागच्या डिकीवर दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं. गाडी खाली गेली आणि आतून ठोका आला. तीच जागा.

सकाळी ८:४५

जॅक लावला, दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, मग गाडी घोड्यांवर उतरवली. माझा हेल्पर मोताळ्याकडचा, अठरा वर्षांचा. त्याला पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट मी आजही सांगतो: जॅक उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं. तो ऐकतो. ऐकून कंटाळलाही असेल, पण मला त्याची पर्वा नाही.

चाकं काढली. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवलं तसा आतून पिवळसर भुगा पडला, जुन्या केकचा पडावा तसा. एवढंच उरलं होतं. कंपनीच्या पुस्तकात याला बंप स्टॉप म्हणतात, आमच्याकडे कुणी स्टॉपर रबर म्हणतं, कुणी बंपर रबर. नावात रबर असलं तरी हल्लीच्या बहुतेक मोटारींत ते रबर नसतं, पॉलियुरेथेनचा बारीक फेस असतो, असंख्य हवेचे कण कोंडलेला. वर्षानुवर्षं ओल, धूळ आणि उष्णता खाऊन तो आतून सुटतो आणि एक दिवस हातात भुगा होऊन येतो.

पण वयानं भुगा व्हायला आणखी काही वर्षं लागली असती. इथे कारण दुसरं होतं. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला निळसर डाग होता. कुणीतरी गॅसनं दीड वेढा कापला होता. गॅसच्या आचेनं टोकाजवळचं पोलादाचं पाणी उतरतं. कापायचंच असेल तर ग्राइंडरच्या चकतीनं कापावं. आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग लहान होते तशी कडकही होते, कारण तेवढंच वजन आता कमी तारेला पेलायचं असतं. कडक झाली म्हणून गाडी कमी दबेल, असं कापणाऱ्याला वाटतं. पण दबायला जागाच उरत नाही, हे तो मोजत नाही.

मी मोजलं. आधी डावं मागचं चाक परत बसवून गाडी तेवढ्यापुरती जमिनीवर घेतली. चाकाच्या मधोमधपासून कमानीच्या कडेपर्यंत टेप धरला. मग स्प्रिंग बाहेर काढून, जॅकनं चाक हळूहळू वर नेत शॉकअप पूर्ण दबेपर्यंत पाहिलं. उभ्या गाडीपासून लोखंडाला लोखंड लागेपर्यंतचं अंतर ६ सेंटीमीटर. याच मॉडेलच्या न कापलेल्या गाडीचा आकडा माझ्या वहीत होता: साडेअकरा. म्हणजे साडेपाच सेंटीमीटर कापणाऱ्यानं खाऊन टाकले होते.

कंपनीचा स्टॉपर असतो साडेसहा सेंटीमीटरचा. अंतर सहाचं आणि ठोकळा साडेसहाचा. म्हणजे गाडी उभी असतानाच ठोकळ्यावर बसलेली. ज्यानं अखेरच्या क्षणी काम करायचं, त्याला चोवीस तास ओझ्याखाली ठेवलं होतं. तो भुगा होणारच होता.

सकाळी १०:००

स्पेअर पार्टच्या दुकानात फोन केला. स्टॉपर नाही, पूर्ण मापाची स्प्रिंगही नाही; अकोल्याहून मागवायची, दोन दिवस लागतील. आणि नवा स्टॉपर मिळाला असता तरी आजच्या कामाचा नव्हता. सहाच्या जागेत साडेसहा बसत नाही.

मी मुलाला बसवून सांगितलं. खरा इलाज एकच: चारही स्प्रिंग पूर्ण मापाच्या टाकायच्या, गाडी कंपनीच्या उंचीवर आणायची. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं.

त्यानं मान खाली घातली. "काका, मले गाडी अशीच आवडते."

त्याच्या आवडीला मी नावं ठेवणार नाही. खाली बसलेली गाडी वळणावर कमी झुकते हे खरं आहे, गुरुत्वमध्य खाली गेलेला असतो. गुळगुळीत शर्यतीच्या रस्त्यावर तिचं सोनं होतं. पण तिथे स्प्रिंग, शॉकअप आणि स्टॉपर तिघांचं माप एकत्र बदलतात. इथे एकाला कापलं आणि दोघांना कळवलंच नाही. शिवाय आपला रस्ता तसा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितला आहे, पंचवीसच्या वेगात गाडी त्यावरून अलगद जावी म्हणून. गावागावांत रात्रीतून उभे राहणारे गतिरोधक उंचीला तेवढे असतात, रुंदीला मात्र हातभर. त्यावर चाक चढत नाही, आपटतं.

"उद्याचं काय करू?" त्यानं विचारलं.

"उद्यापुरतं बघतो. पण मोजून. आणि मोजल्यावर जे निघेल ते तुला ऐकावं लागेल."

तो हो म्हणाला. अकोल्याहून स्प्रिंग मागवायलाही सांगितलं. तो फोन मी त्याच्यासमोरच केला.

सकाळी ११:००

भंगारच्या गोदामात गेलो, हेल्परला घेऊन. जुगाड करायचा तर वस्तू निवडताना डोकं शाबूत हवं, म्हणून त्याला सोबत नेलं.

पहिली वस्तू सगळ्यांच्या डोक्यात येते ती टायरचा तुकडा. फुकट मिळतो, कापता येतो. काळी-पिवळी जीपच्या काळात मी तो लावलेला आहे. त्या जीपमध्ये मागे दहा-दहा माणसं बसायची. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा शॉकअपची वरची पकड चॅसीपासून चिरत निघाली होती. टायरचा तुकडा जसाच्या तसा होता. चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

दुसरी वस्तू नायलॉनचा रॉड. लेथवर सुंदर वळतो, बघणाऱ्याला कंपनीचाच वाटतो. पण तो दबतच नाही, थंडीत तडकतो. तो लावणं म्हणजे लोखंडाला पांढरा रंग देणं. तिसरी वस्तू जुन्या इंजिन माउंटिंगचं भरीव रबर. हे बरं, पण त्याची अडचण वेगळी, ती दुपारी प्रेसखाली हेल्परला दाखवली.

आम्हाला हवं होतं ते पाऊण तासानं सापडलं. मोडीत निघालेल्या एका मोठ्या प्रवासी गाडीच्या मागच्या शॉकअपवरचे दोन फेसाळ स्टॉपर, वय कमी. मी अंगठ्यानं दाबले, नख रोवलं. नखाची खूण क्षणात भरून आली. मुडपून पाहिले, चीर नाही. हातावर चोळले, भुगा नाही.

"चाचा, किती?" मी गोदामवाल्यांना विचारलं.

"तू लावशील तर काहीतरी दे. दुसऱ्याला दिलं असतं तर वजनावर दिलं असतं."

दुपारी १२:१५

स्टॉपर लांब होता आणि त्याचं भोक मोठं. आमच्या शॉकअपचा दांडा बारीक, त्यामुळे तो दांड्यावर डगमगला असता, तिरका दबला असता. समोरच्या लेथवाल्यांकडून ॲल्युमिनियमच्या दोन उथळ वाट्या वळवून घेतल्या. वाटी वरच्या पकडीला टेकून बसते आणि स्टॉपरचा जाड भाग तिच्यात अडकतो, म्हणजे दांडा भोकाच्या मधोमध राहतो.

कापायचा कुठून? हेल्परनं टोकाकडून खूण केली. मी त्याचा हात धरला. स्टॉपर वर जाड असतो, खाली निमुळता. निमुळतं टोक आधी दबतं, सहज दबतं. जाड भाग नंतर येतो, अडून बसतो. ते टोक छाटलं तर पहिला स्पर्शच धक्का होतो. म्हणून छाटायचं जाड बाजूनं, आणि टोक खालीच ठेवायचं. धारदार सुरीला साबणाचं पाणी लावून, न थांबता, एका फेरीत कापलं. वाटीसकट उंची साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे उभ्या गाडीत टोक आणि शॉकअपचं डोकं यांच्यात अडीच सेंटीमीटर मोकळं अंतर. बाकीचं ठोकळ्याचं काम.

साडेतीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटं. हेल्परनं आपली बोटं लावून पाहिली.

मग बेअरिंग काढायच्या प्रेसखाली दोन्ही वस्तू ठेवल्या. फेसाचा तुकडा दाबला. साडेतीनचा अडीच, मग दोन, मग दीड, आणि तिथून पुढे हाताला जोर लागायला लागला. सोडला तसा तो परत वर आला. त्याच उंचीचं भरीव रबर दाबलं. ते जेमतेम एक सेंटीमीटर खाली गेलं आणि तेवढंच बाजूला फुगलं. भरीव रबराचं आकारमान कमी होत नाही, ते फक्त जागा बदलतं. बाजूला फुगायला जागा नसेल तर दगड होतं.

"मंग यातलं काय दबते?" हेल्परनं फेसाकडे बोट दाखवलं.

त्याला मी खामगावच्या प्रेसिंग फॅक्टरीचं सांगितलं. त्यानं गाठ बांधताना पाहिलेलं आहे. खोलीभर मोकळा कापूस प्रेसमध्ये जातो. सुरुवातीला मऊ मऊ दबत जातो, कारण जाते ती हवा. शेवटी १७० किलोची गाठ बाहेर येते, तिच्यावर माणूस नाचला तरी ती हलत नाही. या फेसाचंही तसंच. आधी हवा दबते, मग भिंती, आणि शेवटी तो गाठीसारखा घट्ट होतो. कुठे मऊ राहायचं आणि कुठे घट्ट व्हायचं, हे त्याच्या अंगातच आहे.

मग वहीत त्याला हिशेब लिहून दाखवला. मागच्या एका चाकावर समज ३०० किलो. ते वजन पाच सेंटीमीटर पडल्याच्या जोरानं ठोकळ्यावर आलं. ठोकळ्यानं ते तीन सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर सरासरी ३०० गुणिले पाच भागिले तीन, म्हणजे ५०० किलोचा भार पकडीवर. अर्ध्या सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर तीन हजार किलो. पडणं तेवढंच, वजन तेवढंच. थांबायला जागा किती दिली, एवढाच फरक. मोडलेल्या पकडी, फुटलेले शॉकअप, चिरलेली चॅसी, माझ्या तीस वर्षांच्या कामातली अर्धी मोडतोड या एका भागाकारात बसते.

तो बराच वेळ त्या तीन हजाराकडे बघत राहिला.

दुपारी १:३०

जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी, मिरचीचा ठेचा. या दिवसांत घरोघरी सोले असतात. मुलगाही आमच्यातच बसला. हॉटेलात जातो म्हणत होता, मी जाऊ दिलं नाही.

त्याला गाड्यांचं वेड खरं आहे. बोलता बोलता मी त्याला सांगितलं की इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या छोट्या मिनी गाडीला लोखंडी स्प्रिंगच नव्हती. ॲलेक्स मोल्टन नावाच्या इंजिनिअरनं तिथे रबराचे शंकू बसवले होते, अख्खी गाडी रबरावर. त्याला ते माहीत नव्हतं. आपण ज्याला कोपऱ्यातला क्षुल्लक तुकडा समजतो त्यावर एक माणूस आयुष्य घालवतो आणि त्यातून जगभर धावणारी गाडी उभी राहते. तो ऐकत होता, भाकरी हातातच राहिली होती.

दुपारी २:३०

बसवायला घेतलं. दांडा पुसला, त्यावर ओरखडा नाही ना ते नखानं पाहिलं. ओरखडा असला की सील कापलं जातं. वाटी, तिच्यात स्टॉपर, खाली शॉकअपच्या डोक्यावरची लोखंडी टोपी सरळ करून बसवली, म्हणजे धक्का टोपी घेते, सील नाही. बूट परत ओढलं.

दुसरी काळजी उलट्या बाजूची. कापलेली स्प्रिंग आखूड असते. चाक हवेत लटकलं की ती सैल होऊन जागेवरून निसटू शकते, आणि चालत्या गाडीत निसटली तर पुढचं सांगायला नको. चाक पूर्ण लटकवून स्प्रिंग हातानं फिरवून पाहिली. फिरली नाही, थोडी पकड शिल्लक होती. शिल्लक नसती तर मी इथेच काम थांबवलं असतं.

बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळले. हवेत आवळले तर बुशचं रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. हेल्परला हे पाठ आहे. आज त्यानं न सांगता जॅक आधी खाली केला.

शेवटी दोन्ही दांड्यांवर एकेक प्लॅस्टिकची केबल टाय घट्ट बांधून शॉकअपच्या डोक्याला टेकवली. शॉकअप जेवढा दबेल तेवढी ती वर ढकलली जाते आणि तिथेच थांबते. रस्त्यावर आत काय घडलं त्याचा एवढा स्वस्त साक्षीदार दुसरा नाही.

दुपारी ३:४५

आता माणसांऐवजी पोती. शेजारच्या दुकानातून सरकीच्या ढेपेची पन्नास किलोची चार पोती उसनी आणली. तीन माणसं आणि सामान धरून मागे २०० किलो. पोती सीटवर ठेवली, टेप लावला.

गाडी तीन सेंटीमीटर बसली. मोकळं अंतर होतं अडीच. म्हणजे रस्त्याला लागण्याआधीच गाडी स्टॉपरवर टेकलेली, सकाळच्यासारखीच.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी दोन पोती उतरवायला सांगितली आणि हेल्परला एका पोत्याच्या जागी बसवून दोन माणसांचं वजन केलं. परत मोजलं: दोन सेंटीमीटर. अर्धा सेंटीमीटर मोकळा, आणि त्यापुढे ठोकळ्याची सगळी दोन बोटं शाबूत.

"मागे दोघंच," मी म्हणालो. "तिसरं माणूस बसलं का हा स्टॉपर असून नसल्यासारखा."

"काका, मामा-मामी?"

"एसटीनं येतील. उद्या गाड्यांची कमी नाही."

त्याला पटलं नाही, दिसत होतं. मी टेप त्याच्या हातात दिला आणि पोती पुन्हा चढवायला लावली. त्यानं स्वतः मोजलं. तीन. मग उतरवून मोजलं. दोन. आकडा माझ्या तोंडून ऐकणं वेगळं आणि आपल्या अंगठ्याखाली वाचणं वेगळं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

संध्याकाळी ४:३०

राजूर घाट. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा. मी गाडी घेतली, मागे एक पोतं आणि हेल्पर, शेजारी मुलगा. घाटात वळणामागे वळण. प्रत्येक वळणावर बाहेरच्या चाकावर भार जातो आणि आतला स्टॉपर मोकळा होतो. मी कान मागे ठेवून चालवत होतो. चाळीसच्या वर गेलो नाही.

खाली राजूरजवळ गतिरोधक आले. पहिल्यावर हळू, दुसऱ्यावर मुद्दाम थोडा वेग ठेवला. मागून आवाज आला, पण कोरडा ठोका नव्हता. जाड गादीवर पोतं टाकावं तसा. पुढे काळ्या जमिनीतल्या रस्त्यावर लाटा लागल्या. गाडी बसली, थांबली, वर आली. हेल्पर मागून म्हणाला, "उस्ताद, दणका पाठीले नाई लागला."

रस्त्याकडेच्या शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. गाडी बाजूला घेतली, खाली वाकून टॉर्च मारला. केबल टाय चार सेंटीमीटर चार मिलिमीटरवर थांबली होती. सहातून ते वजा केले, तर साडेतीनचा ठोकळा सगळ्यात मोठ्या धक्क्याला १.६ सेंटीमीटरपर्यंत दबला होता. अजून थोडं अंग शिल्लक होतं. उजवीकडेही जवळपास तेवढंच.

परत घाट चढताना चालवायला मुलाला दिलं. त्यानं प्रत्येक गतिरोधकापाशी गाडी जवळजवळ उभी केली. सकाळी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत फक्त कमान आणि टायर यांच्यामधली फट होती. आता तो रस्ता बघत होता.

संध्याकाळी ६:४५

बिल. मी बिलावर फक्त पैसे लिहीत नाही, काय केलं तेही लिहितो. "मागचे दोन्ही स्टॉपर दुसऱ्या गाडीचे, कापून, वाटीत बसवलेले. तात्पुरते. मागे दोन माणसांपेक्षा जास्त नको. स्प्रिंग गॅसनं कापलेली आहे, लांबच्या प्रवासाला योग्य नाही. पूर्ण मापाच्या स्प्रिंग मागवल्या आहेत." गाडी उद्या दुसऱ्या कुणा मिस्त्रीच्या हाती पडली तर बूट वर सरकवल्यावर त्यानं गोंधळू नये. आपण केलेला जुगाड पुढच्याला कळला नाही तर त्याला सापळाच म्हणायला हवं.

मुलानं तिथूनच घरी फोन लावला. "आई, मामाले सांग, एसटीनं या. हो, गाडी झाली नीट. नाई, दोघीच तुम्ही मागं." पलीकडून बरंच बोलणं झालं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्या सोता मोजलं ना, आई."

जाताना त्यानं विचारलं, "काका, स्प्रिंग आल्यावर गाडी किती वर येईन?"

"साडेपाच सेंटीमीटर."

त्यानं कमानीवरून हात फिरवला. "दिसन वेगळी," म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "या सोमवारी आणतो."

उतारावरून गाडी रस्त्याला लागली. मी ऐकत उभा राहिलो. काही वाजलं नाही.

रात्री ८:१५

थंडी परत उतरली. हेल्परनं पाने पुसून खिळ्यांवर अडकवले, सकाळचा पिवळा भुगा झाडून एका कागदावर गोळा केला आणि टाकायच्या आधी बोटांत चुरून पाहिला.

मी वही उघडली. गाडीचा नंबर, तारीख, मापं: सहा, साडेतीन, अडीच, चार पॉइंट चार.

"उस्ताद, आपलं रबर किती दिवस टिकन?"

प्रश्न चांगला होता. भंगारातला तुकडा, दुसऱ्याच्या गाडीचा, हातानं कापलेला. महिनाही टिकेल, वर्षही टिकेल. पण टिकत राहिला तर तो मुलगा स्प्रिंग विसरेल, मीही विसरेन, आणि एके दिवशी मागे तिघं बसतील.

"ते नको लिहू," मी म्हणालो. "कधी काढायचं ते लिही."

त्यानं पेन घेतलं, आकड्यांखाली सोमवारची तारीख घातली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या. मग आम्ही शटर ओढलं.